चेहऱ्याचे पाणी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या कोणालाही विचारा, तो हेच सांगेल. सकाळी पाणी भरून झाले की दार उघडायचे, ते रात्री अंथरुणे पडेपर्यंत उघडेच. फार तर पडदा. दिवसा एखादे दार लागलेले दिसले, तर शेजारीण कडी वाजवून विचारायची, ‘‘काय गं, बरं नाही का कोणाला?’’

१९८२ च्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावरची दारे दिवसा लागायला लागली. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालचा गिरणी संप १८ जानेवारीला सुरू झाला होता. साठाच्या आसपास गिरण्या आणि जवळपास अडीच लाख कामगार. महिना-दोन महिन्यांत काहीतरी तोडगा निघेल, असे माझ्या वडिलांना वाटत होते. मी त्या वर्षी नववीत गेलो. पाऊस सुरू झाला तोवर वाण्याच्या वहीत आमचे चार महिन्यांचे थकले होते. एका दुपारी आईने दार लोटले, कडी घातली आणि कोणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, ‘‘तोंड दाखवायला जागा उरली नाही.’’

मला ते वाक्य चमत्कारिक वाटले. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसे. जागा कशालाच नव्हती, त्यात तोंड दाखवायला वेगळी जागा कशाला लागते? आईच्या मनातली जागा खोलीबाहेरची होती, हे मला फार उशिरा कळले. गॅलरी, नळ, जिना, वाण्याच्या दुकानाची पायरी. या प्रत्येक ठिकाणी आपल्याला ओळखणारे कोणीतरी उभे असते.

पुढे मी शाळेत मराठी शिकवले. वाक्प्रचार म्हणजे परीक्षेतले हमखास गुण. मुले पाठ करून यायची : मान खाली घालणे म्हणजे लाज वाटणे, तोंड लपवणे म्हणजे लाज वाटणे, नाक कापले जाणे म्हणजे लाज वाटण्याजोगे काही होणे. मी त्यांना विचारायचो, अरे, अर्थ सगळ्यांचा एकच, तर भाषेने एवढे अवयव खर्ची का घातले? उत्तर कोणी देत नसे. अभ्यासक्रमात नव्हतेच ते. मलाही कुठे ठाऊक होते? त्या प्रश्नामागे लागून जे काही वाचले, जमवले, त्यातले थोडे आज सांगतो.

नाकापासूनच सुरुवात करू. नाक कापणे ही आपल्याला नुसती बोलण्यातली गोष्ट वाटते, पण ती खरोखरची शिक्षा होती. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात १७९२ च्या सुमारास इंग्रजांच्या फौजेसाठी बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याच्या बाजूला विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी सोडवून, खाली वळवून नवे नाक तयार केले. ही शस्त्रक्रिया इंग्रज डॉक्टरांनी पाहिली आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिची हकीगत चित्रासह छापून आली. तिच्यावरून धडा घेऊन कार्प्यू नावाच्या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये ती करून पाहिली. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात त्या पुणेरी नाकाला मानाचे पान आहे. जिथे नाके कापली जात, तिथेच ती पुन्हा बसवण्याची विद्या वाढली, हे तसे साहजिक म्हणायचे. गंमत पाहा : ‘नाक कापले’ हा वाक्प्रचार मराठीत राहिला, ‘कापलेले नाक पुन्हा बसले’ असा वाक्प्रचार मात्र आपण केला नाही.

दुसरा शब्द अब्रू. हा फारसीतून आला. ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्याचे पाणी, मोत्याला असते तसे तेज. दोन्ही शब्द मराठीत सुटेसुद्धा नांदतात : ‘आब राखून वागणे’ आणि ‘रूबरू भेटणे’. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारांतून, दफ्तरांतून हा शब्द आला आणि असा मुरला की आज कोर्टातही ‘अब्रूनुकसानी’चाच दावा लागतो. चेहऱ्यावरचे पाणी दुसऱ्याने उतरवले, तर त्याची भरपाई मागता येते!

‘नामुष्की’ची कथा याहून वळणाची. तिच्या मुळाशी ‘नामूस’ हा शब्द आहे, आणि अरबीतल्या त्या शब्दाचे कूळ ग्रीकांच्या ‘नोमोस’पर्यंत, म्हणजे कायद्यापर्यंत जाते. नामूस म्हणजे रीत, मर्यादा, इभ्रत. आपल्याकडे पोचेपर्यंत शब्द उलटा झाला आणि इभ्रत गेल्यावर जे उरते त्याचे नाव झाला. १९६२ मध्ये चीनकडून हार पत्करावी लागली तेव्हा तिच्यासाठी मराठीत हाच शब्द वापरला गेला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असे म्हटले गेले, ते या नामुष्कीनंतरच.

चीनचे नाव निघालेच आहे, तर तिकडे वळू. चीनशी परळचे एक जुने नाते आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. तिथेच त्यांनी लग्न केले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. शांतारामबापूंनी त्यांच्यावर १९४६ मध्ये चित्रपट काढला, तोही परळच्याच ‘राजकमल’मधून. कोटणीस तिकडे चिनी बोलायला शिकले. त्या भाषेत लाजेचा जवळपास सगळा कारभार चेहऱ्यावर चालतो.

चिनी भाषेत चेहऱ्याला दोन शब्द आहेत, ‘लिएन’ आणि ‘मिएन्झ’. हू श्येन-चिन या चिनी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९४४ मध्ये या दोन शब्दांतला फरक उलगडून दाखवला. मिएन्झ म्हणजे माणसाने मिळवलेला मानमरातब : शिक्षण, पद, पैसा, ओळखी. लिएन म्हणजे तुमच्या सचोटीवर लोकांनी ठेवलेला विश्वास. मिएन्झ कमी-जास्त होते. उसने घेता येते, देता येते, वाढवता येते. लिएन गरिबातल्या गरिबाकडेही असते, आणि एकदा गेले की त्या माणसाला समाजात धड वावरता येत नाही. निर्लज्जाला चिनी माणूस म्हणतो, ‘याला चेहरा नकोच आहे’. कोडग्या माणसाच्या चेहऱ्याची कातडी जाड. आपण तीच गेंड्याकडे दिली. इंग्रजीत ‘चेहरा गमावणे’ म्हणतात, तेही चिन्यांचेच. चीनमध्ये व्यापारासाठी राहिलेल्या इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ते उचलले.

यातले ‘चेहरा देणे’ मला फार आवडते. आपल्याकडे लग्नातला मानपान ही त्याचीच एक तऱ्हा. नवऱ्या मुलाच्या मामाला टोपी-उपरणे दिले नाही, तर तो जेवायला बसत नाही. टोपी काय त्याच्या घरी नसते? समोरच्याचा चेहरा शिल्लक ठेवणे, असाही चिनी प्रयोग आहे. आपण त्यासाठी चेहरा सोडून हात वापरतो : झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ ज्याची, त्यानेच ती झाकायची असते असे आपल्याला वाटते. पण पाहणाऱ्यानेही ती उघडायला लावू नये, असा अलिखित करार त्यात असतो. तो पाळणाऱ्या एका माणसाविषयी शेवटी सांगणार आहे.

चिनी लिपीतले लाजेचे जुने अक्षर दोन चिन्हांचे आहे, कान आणि हृदय. पंडित म्हणतात, यातला कान केवळ उच्चार दाखवण्यासाठी आहे. सामान्य माणूस त्याचा सरळ अर्थ लावतो : आपल्याविषयी काही ऐकू आले आणि काळजाला लागले. मला हे वाचताना आपला ‘कानकोंडा’ आठवला. चारचौघांत कानकोंडे व्हायला झाले, असे आमच्या आजीच्या तोंडी नेहमी असायचे. दोन भाषांची एकमेकींशी ओळखदेख नसताना दोघींनी कान धरावा, याचे मला नवल वाटते.

आता रशिया. गिरणगावाला रशियाचे वेड होते, हे नव्या पिढीला सांगून खरे वाटणार नाही. लाल बावट्याच्या युनियनमुळे अगदी स्वस्तात रशियन पुस्तकांची मराठी भाषांतरे घरोघर आली होती. गोर्कीची ‘आई’ न वाचलेल्या कामगाराने निदान तिचे नाव तरी ऐकलेले असे. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये तिकडे जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ त्यांनी लिहिला. आमच्याकडेही फळीवर दोन-तीन अशी पुस्तके होती. वडील ती वाचत नसत, पण जपून ठेवत.

रशियन भाषेत लाजेला ‘स्तिद’ म्हणतात. या शब्दाचे मूळ थंडीच्या शब्दाशी जोडलेले आहे. कडाक्याच्या थंडीला ते ‘स्तुझा’ म्हणतात. लाज म्हणजे गारठून जाणे, आखडणे. पण बोलताना रशियन माणूस म्हणतो, ‘मी लाजेने जळून गेलो’. म्हणजे शब्दाच्या मुळात बर्फ आणि वाक्प्रचारात आग. लाज वाटते तेव्हा आधी हातपाय गार पडतात आणि मग कानाच्या पाळ्या तापतात, हे ज्याने अनुभवले असेल त्याला यात विसंगती दिसणार नाही. मात्र तिथेच एक म्हणही आहे : लाज म्हणजे काही धूर नव्हे, तिने डोळे चुरचुरत नाहीत. कोडग्यांची सोय प्रत्येक भाषेने करून ठेवलेली असते.

दुसरा रशियन शब्द ‘पझोर’, म्हणजे बेअब्रू. त्याचे मूळ ‘पाहणे’ या क्रियापदात आहे. पूर्वी पझोर म्हणजे नुसता देखावा, तमाशा. त्याच्याच कुळातल्या चेक भाषेत आजही त्याचा अर्थ ‘सावधान, लक्ष द्या’ एवढाच आहे. प्रागच्या स्टेशनवर तो शब्द लाऊडस्पीकरवरून सारखा ऐकू येतो आणि नवख्या रशियन प्रवाशाला वाटते की आपल्याला कोणीतरी जाहीर शरम घालत आहे. आपण यासाठी ‘चव्हाट्यावर येणे’ म्हणतो. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. रशियन शब्दाने पाहणाऱ्याचे डोळे दाखवले, आपल्या शब्दाने ती जागा दाखवली.

सगळ्यांनी पाहिल्याशिवाय बेअब्रू पुरी होत नाही, म्हणून राज्यकर्ते तिचा सोहळा करतात. आपल्याकडची गाढवावरची धिंड प्रसिद्धच आहे. चीनमध्ये १९२७ च्या सुमारास हूनान प्रांतातल्या शेतकऱ्यांनी जमीनदारांच्या डोक्यावर कागदाच्या उंच टोप्या घालून त्यांना गावभर फिरवले. माओने आपल्या अहवालात त्याचे कौतुक केले. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत तशाच टोप्या प्राध्यापकांच्या आणि लेखकांच्या डोक्यावर आल्या. रशियात झारच्या काळी ‘बेअब्रूचा खांब’ असे. १८६४ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका चौकात चेर्निशेव्हस्की या लेखकाला त्या खांबापाशी उभे केले, गळ्यात ‘राज्याचा गुन्हेगार’ अशी पाटी अडकवली, डोक्यावर तलवार मोडली. गर्दी पाहत होती. इतक्यात गर्दीतून कोणीतरी त्याच्या दिशेने फुलांचा गुच्छ फेकला. एका गुच्छाने तमाशाची दिशाच फिरली. खांबापाशी उभा असलेला माणूस तोच राहिला, पण मान खाली घालायची पाळी दुसऱ्यांवर आली. पझोर पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत असतो. त्या डोळ्यांनी ठरवले, तर तो पलटतोही.

या दोन देशांनी दिलेल्या दोन गोष्टी मी मुलांना नेहमी सांगत असे. चेकॉव्हची एक गोष्ट १८८३ सालची. नाटक पाहताना एक कारकून शिंकतो आणि तुषार पुढे बसलेल्या बड्या अधिकाऱ्याच्या टकलावर उडतात. कारकून माफी मागतो. अधिकारी म्हणतो, असू द्या. कारकून पुन्हा माफी मागतो, दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मागतो, पुन्हा मागतो. शेवटी तो अधिकारी वैतागून खेकसतो. कारकून घरी जातो, कोचावर आडवा होतो आणि मरतो. दुसरी गोष्ट लू शुन यांची. त्यांचा आह क्यू १९२१-२२ मध्ये बीजिंगच्या एका वृत्तपत्राच्या पुरवणीत क्रमशः आला. गावातले लोक आह क्यूला बदडतात आणि तो मनाशी म्हणतो, पोरांनी बापाला मारले, काय हे दिवस! आणि जिंकल्याच्या आनंदात चालू लागतो. एकाला नसलेल्या लाजेने मारले. दुसऱ्याने असलेली लाज अंगाला लागूच दिली नाही. मुले आह क्यूला हसत आणि कारकुनाच्या गोष्टीला गप्प होत. का, ते मी कधी विचारले नाही.

एक वाक्प्रचार मात्र तिन्ही भाषांत आहे. रशियन माणसाला लाजेने जमिनीतून आरपार खाली पडावेसे वाटते. चिनी माणूस शिरायला जमिनीत भेग शोधतो. आपण म्हणतो, धरणीमातेने पोटात घेतले तर बरे. पण आपल्या धरणीमागे सीता उभी आहे, आणि सीतेला लाजण्यासारखे काहीच नव्हते. ती दुभंगलेल्या धरणीत गेली ती आपण निर्दोष आहोत हे दाखवून. लाजायचे होते पाहत उभ्या राहिलेल्यांनी. आपण तिचा वाक्प्रचार तेवढा उचलला आणि लाज कोणाची होती ते विसरलो.

परळच्या इतिहासात हे विसरणे फार स्पष्ट दिसते. दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय होते आणि त्यांचे बिऱ्हाडही परळच्याच बीआयटी चाळीत होते. आजूबाजूच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. त्या खात्यात पगार जास्त. कारण सांगितले जाई ते असे : धोट्यातली कांडी संपली की नवी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागते. एकाने तोंड लावलेला धोटा दुसरा कसा लावणार? लँकेशायरच्या गिरण्यांतही असेच तोंडाने सूत ओढत. तिथे या कृतीला ‘धोट्याचे चुंबन’ म्हणत, आपल्याकडे तिचा विटाळ झाला. १९२८ चा मोठा संप सुरू असताना आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणाई खाते अस्पृश्यांना खुले झालेच पाहिजे अशी मागणी केली. समतेच्या घोषणा देणाऱ्या सहकाऱ्याच्या ओठांची किळस वाटते, ही लाज त्या ओठांची नव्हती. पण ती सोसायची त्यांनी.

ती कशी सोसावी लागे, हे मराठीने एका क्रियापदात साठवले आहे : चोरणे. लाजलेला माणूस अंग चोरतो, नजर चोरतो, तोंड चुकवतो. बाबुराव बागुल यांच्या १९६३ मधल्या संग्रहाचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. चिनी माणूस चेहरा गमावतो, रशियन माणूस डोळ्यांपुढे उघडा पडतो, आणि इथे माणूस स्वतःच्याच मालकीची वस्तू चोरून चालतो. असा चोर दुसऱ्या कोणत्या भाषेत असेल, तर मला ठाऊक नाही.

रशियनांना मराठी मुलखातली लाज कशी दिसली, याचीही नोंद आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने गेलात, की अलिबागवरून पुढे चौल लागते. अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास तिथे उतरला. रेवदंड्याला २००२ मध्ये त्याचे स्मारक उभे राहिले आहे. त्याने लिहून ठेवले की इथले लोक उघड्या अंगाने हिंडतात, आणि लहान मुले-मुली सात वर्षांची होईपर्यंत नागडीच असतात, ‘सोरोम’ झाकत नाहीत. सोरोम म्हणजे जुन्या रशियनमध्ये लाज. ज्या अवयवांची लाज वाटते, त्यांनाच त्याने लाज म्हटले आहे. आपली बाईही फाटक्या लुगड्याने ‘लाज झाकते’, अगदी त्याच अर्थाने. त्या गोऱ्या पाहुण्याच्या मागे चौलचे लोक घोळक्याने फिरत, असेही तो लिहितो. कापडाने मढलेला तो आणि उघडे ते, आणि तमाशा मात्र त्याचाच.

आता माझ्या मूळ ठिकाणी येतो. अब्रू, नाक, तोंड हे सगळे झाले. पण गिरणगावात सर्वांत जास्त कानावर पडलेला शब्द होता ‘पत’. देवाने द्रौपदीची राखली ती पत, आणि वाण्याकडे असते तीही पत. इभ्रतीला आणि उधारीला एकच शब्द! कामगारांच्या पतपेढीच्या पाटीवर हा शब्द रोज दिसे. गिरणीच्या दाराशी पगाराच्या दिवशी पठाण उभा राही, त्याला चुकवणारा कामगार शेजाऱ्यांच्या नजरेसही पडू नये म्हणून मागच्या गल्लीने घरी येई. पैशाचे देणे आणि मान वर करण्याची मुभा एकाच वहीत लिहिलेली असे.

खाणावळ चालवणाऱ्या बायकांचे उदाहरण पाहा. एकट्या राहणाऱ्या कामगारांना या बायका दोन वेळचे जेवण घालत. महिनाभर किराणा उधारीवर, त्यासाठी सावकाराचे भरमसाट व्याज. शेकडो जेवणारे त्यांच्या शब्दावर विसंबून असत, पण बँकेच्या लेखी त्यांना पत नव्हती. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यांनी ते फेडूनही दाखवले. अब्रू आणि पत यांत काय अंतर असते, ते या बायकांनी पुस्तक न वाचता ओळखले असणार.

संपात ही पत महिन्यामहिन्याने झिजत गेली. आधी वाणी, मग घरभाडे, मग शाळेची फी, मग गावाकडच्या भावाला लिहिलेले पत्र. कोणी पितळी भांडी विकली. कोणी बायकापोरे गावी धाडली. वडील सकाळी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून घराबाहेर पडत. जायला ठिकाण नसे. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. वडिलांना पुन्हा कामावर घेतले नाही.

यानंतर जो शब्द आला, त्यावर मी अजून अडखळतो. सरकारने १९८३ मध्ये मुंबईतल्या तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. १९८५ मध्ये दिल्लीत कायदा झाला, त्यात डबघाईला आलेल्या कंपनीला ‘आजारी’ म्हटले. आजारी उद्योग, आजारी गिरणी. वर्तमानपत्रांतून हा शब्द इतका रुळला की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटेना. तो कायदा आता राहिला नाही, त्याच्या जागी २०१६ मध्ये दिवाळखोरीची नवी संहिता आली. पण शब्दाचे काम झाले होते. देणे थकलेल्या कंपनीला आजार होतो. आजारी माणसाला कोणी लाज बाळगायला सांगत नाही. त्याच्यासाठी वैद्य बोलावतात, पथ्य सांगतात, सवलत देतात. देणे थकलेला कामगार मात्र बुडवा. त्याने तोंड चुकवायचे, मागच्या गल्लीने यायचे, दिवसा दार लावायचे. एकाच गिरणीची ही दोन देणी, त्यातल्या एकाला रोगाचे नाव मिळाले आणि दुसऱ्याला लाजेचे. नाव ठेवणारे कोण होते, हे सांगायला व्युत्पत्तीचा कोश लागत नाही.

आमच्या वाण्याचे सांगायचे राहिले. त्याचे नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. दसऱ्याच्या आसपास कधीतरी त्याचीच पुंजी संपत आली असावी. सगळ्या चाळींची उधारी त्याच्या डोक्यावर बसली होती. एके दिवशी मी पिशवी घेऊन गेलो. दुकानात दोन-चार गिऱ्हाइके होती. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, बरण्या पुसत राहिला. बराच वेळ पुसत राहिला. मग पिशवीत तांदूळ, डाळ नेहमीसारखी भरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘‘वडिलांना सांग, हिशेब बरोबर आहे.’’

त्याच रात्री, जेवणे झाल्यावर, तो आमच्या दाराशी आला. वडील घरी नसताना, मुद्दाम. आईला हळू आवाजात म्हणाला, ‘‘वहिनी, पुढच्या महिन्यापासून नाही जमायचे.’’ गॅलरीतल्या उजेडात मला त्याचा चेहरा दिसला. तो खाली पाहत होता. आई म्हणाली, ‘‘भाऊ, आत या, चहा घ्या.’’ तो आत आला नाही. जाताना त्याने आमचे दार स्वतःच हळूच ओढून घेतले.

वडिलांनी ते देणे दोन वर्षांनी फेडले, एका गोदामात रखवालदाराची नोकरी लागल्यावर. मी बरोबर होतो. वाण्याने वही काढली, आमच्या पानावर आडवी रेघ मारली आणि पान फाडून वडिलांच्या हातात दिले. वडिलांनी ते घडी घालून खिशात ठेवले. मग दोघेही बराच वेळ पावसाविषयी बोलत उभे राहिले.